गोटीचा खेळ, नाण्याचा खेळ

या सदरात आम्ही घरातल्या साध्यासुध्या गोष्टींवर लिहीत असतो. या वेळची गोष्ट मोबाइलवरच्या एका गोटीची आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण या गोटीपायी आमच्या शेजारच्या घरात मायलेकांचा दोन दिवस अबोला होता, आणि त्या अबोल्यामागे जे दुःख होते ते आपल्या अनेक घरांत आहे. म्हणून लिहितो.

मूर्तिजापूरला आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. ताई हंगामात जिनिंगवर कामाला जातात, त्यांचे यजमान सेंट्रिंगच्या कामावर असतात. मुलगा आठवीत आहे. एका संध्याकाळी ताई त्याच्या दंडाला धरून आमच्या ओट्यावर आल्या. एका हातात मुलगा, दुसऱ्या हातात मोबाइल.

"जयभीम भाऊजी. पाहा हो, याचं काय चालू हाय ते. बापानं रमीत पैसे घातले, आता हा गोटीत घालून राहिला."

"याच्यात पैसे लागतच नाई वं आई," मुलगा रडवेला होऊन म्हणाला.

"तुह्या बापानं बी पहिल्या दिवशी असंच सांगतलं होतं," ताई म्हणाल्या.

यावर मुलगा गप्प झाला आणि आम्हीही गप्प झालो. कारण ताईंचे म्हणणे खरे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना मोबाइलवरच्या रमीचा नाद लागला. सुरुवातीला दोनशे रुपये जिंकले. मग मुलीच्या शिकवणीसाठी डब्यात ठेवलेले अठरा हजार रुपये गेले. ताईंना पत्ता लागला तेव्हा डबा रिकामा होता. तेव्हापासून त्या घरात मोबाइलवर काही रंगीत हलले की ताईंच्या पोटात गोळा येतो. त्यात त्यांची चूक नाही.

आम्ही मोबाइल हातात घेऊन पाहिले. एक तिरपे टेबल. उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा. तो ओढून सोडला की पोलादी छर्रा वर उडतो. वर गोल टोपण्या असतात, त्यांना छर्रा आदळला की घंटा वाजते, गुण वाढतात आणि छर्रा दूर फेकला जातो. खाली बोटाएवढे दोन हात, त्यांना फ्लिपर म्हणतात. छर्रा खालच्या भोकात पडण्याआधी या हातांनी टोला मारून तो पुन्हा वर पाठवायचा. असे तीन छर्रे गेले की खेळ संपला. या खेळाचे नाव पिनबॉल. मुलगा खेळत होता ती एका जुन्या अमेरिकन यंत्राची हुबेहूब नक्कल होती.

आम्ही ताईंना म्हटले, "ताई, तुम्हाला आज जे वाटले तेच न्यूयॉर्कच्या महापौरांना १९४२ साली वाटले होते. बसा, सांगतो."

पिनबॉल म्हणजे मुळात खिळ्यांची पाटी. आपल्याकडे जत्रेतून किंवा खेळण्यांच्या दुकानातून मुलांसाठी आणायचे ती. लाकडी पाटीवर खिळे ठोकलेले, कप्प्यांवर आकडे लिहिलेले, आणि स्प्रिंगने गोटी उडवायची. या स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थांनी अमेरिकेत १८७१ साली घेतले. पुढे १९३१ साली डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' नावाचे यंत्र काढले. एक पेनी टाकायची आणि मूठभर गोट्या खेळायच्या. त्या वेळी अमेरिकेत महामंदी होती. कामधंदा गेलेल्या माणसाला एका पेनीत घटकाभर करमणूक मिळाली. यंत्रे धडाधड खपली. दुसऱ्याच वर्षी रेमंड मोलोनी यांचे 'बॅलीहू' आले, तेही तसेच गाजले.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा या यंत्रांना फ्लिपर नव्हते. गोटी एकदा उडवली की ती कुठे जाईल हे बहुतेक खिळ्यांच्या हाती. दुकानदार जास्त गुणांना बक्षीस देऊ लागले आणि काही यंत्रे तर सरळ नाणीच बाहेर टाकू लागली. म्हणजे खेळ तोच राहिला, पण त्याच्या पोटात जुगार शिरला. शाळकरी मुलांचे खाऊचे पैसे त्यात जाऊ लागले. शेवटी १९४२ साली महापौर फिओरेलो लागार्डिया यांनी न्यूयॉर्कमध्ये पिनबॉलवर बंदी घातली. पोलिसांनी यंत्रे उचलून आणली आणि महापौरांनी स्वतः हातोडा घेऊन ती फोडली. त्यांची तशी छायाचित्रे प्रसिद्ध आहेत.

१९४७ साली गॉटलिब कंपनीच्या हॅरी मॅब्स यांनी 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात पहिल्यांदा फ्लिपर बसवले, एकूण सहा. त्यामुळे खेळाचा जीवच पालटला. आता गोटी पडू न देणे हे खेळणाऱ्याच्या नजरेवर आणि बोटांवर आले. तरी न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ साल उजाडले. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेसमोर यंत्रावर खेळून दाखवले. दांडा ओढण्याआधी त्याने सांगितले की गोटी अमुक वाटेने जाईल, आणि ती त्याच वाटेने गेली. हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे, हे पटले आणि चौतीस वर्षांची बंदी उठली.

हे ऐकून ताईंनी जो प्रश्न केला तो वकिलालाही सुचला नसता. त्या म्हणाल्या, "पण भाऊजी, रमीवाले बी तर हेच म्हणत होते. कौशल्याचा खेळ हाय म्हणून."

आम्ही निरुत्तर झालो. खरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली एका खटल्यात म्हटले होते की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण त्यात पाने लक्षात ठेवावी लागतात. आपल्या राज्याच्या १८८७ सालच्या जुगारबंदी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. पुढे मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणाऱ्यांनी हाच शब्द उचलला. जाहिरातीत हसणारा माणूस 'कौशल्य' म्हणायचा आणि इकडे सेंट्रिंगवाल्याच्या घरातला डबा रिकामा व्हायचा. ज्याच्या घरातले पैसे गेले त्याला, ते नशिबाने गेले की कौशल्य कमी पडले म्हणून गेले, याने काय फरक पडतो? डबा तर रिकामाच.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की कौशल्य की नशीब या प्रश्नाने आईबापांचे काम भागत नाही. त्यांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या खेळात नाणे कुठे आहे? आत जाते का? परत येईल अशी लालूच दाखवते का?

या प्रश्नाने मुलाच्या हातातला पिनबॉल तपासून पाहू.

आमच्या पुतणीने वीसेक वर्षांपूर्वी इथेच एमएस-सीआयटीचा वर्ग केला. त्या काळी सरकारी नोकरीच्या आशेने आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली पोटाला चिमटा घेऊन या वर्गांना गेली. वर्गातल्या संगणकांवर विंडोज एक्सपी असायचे आणि त्यात एक पिनबॉल होता, अंतराळयानाचा. मूळचा तो १९९५ सालचा. सिनेमॅट्रॉनिक्स नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने तयार केला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर दिला. पुतणी सांगते, सरांची पाठ वळली की दोघी मैत्रिणी एका कळफलकावर खेळायच्या. एकीचे बोट झेडच्या कळीवर, म्हणजे डावा फ्लिपर. दुसरीचे तिरप्या रेघेच्या कळीवर, म्हणजे उजवा. ज्या मुलीने त्याआधी कधी संगणकाला हात लावला नव्हता, तिची कळीची भीती त्या गोटीने घालवली. त्या खेळात नाणे टाकायला फटच नव्हती. वर्गाची फी गेली तेवढीच.

२००७ साली विंडोज व्हिस्टा आले, त्यात हा खेळ नव्हता. नव्या ६४-बिट पद्धतीच्या संगणकावर छर्रा कशालाही न अडखळता आरपार निघून जायचा. जुने काम दुसऱ्यांनी केलेले, त्यात कुठे काय लिहिले आहे याच्या खुणा नाहीत. दोष सापडेना, म्हणून खेळच वगळला, असे सांगतात. पुढे २०२१ साली एका प्रोग्रामरने तयार खेळ उलटा उलगडून त्याची आज्ञावली पुन्हा लिहून काढली, आणि तो आजच्या यंत्रांवरही चालू लागला. असे पदरमोड करून जुने जपणारे लोक जगात आहेत.

तो अंतराळयानाचा खेळ संगणकासाठीच केलेला होता. पण खऱ्या जुन्या यंत्रांच्या नकला करणारेही निघाले. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने गॉटलिब कंपनीची १९३१ पासून १९९२ पर्यंतची सात यंत्रे एका खेळात आणली. त्यात 'बॅफल बॉल' आणि 'हम्प्टी डम्प्टी' ही दोन्ही आहेत. २०१२ पासून अमेरिकेतल्या फारसाइट स्टुडिओने 'पिनबॉल आर्केड' नावाखाली अनेक जुनी यंत्रे मोबाइलवर आणली. त्यासाठी खरे यंत्र आणून सुटे करायचे, पाटीची छायाचित्रे काढायची, भाग न् भाग मापायचा. साधारण १९७०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या यंत्रांत गुण मोजणारी इलेक्ट्रॉनिक चिप असते. तिच्यातली मूळ आज्ञावलीच मोबाइलमध्ये चालवतात, म्हणजे घंटा आणि गुण अस्सल यंत्राचेच. त्याआधीची यंत्रे रिले, तारा आणि फिरत्या आकड्यांच्या चाकांवर चालायची. त्यांच्या वायरिंगचा नकाशा वाचून प्रत्येक जोडणी नव्याने लिहावी लागते. छर्रा मात्र दोन्ही प्रकारांत गणिताने चालवावा लागतो. खरा छर्रा सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा, आणि टेबलाचा उतार सहा-साडेसहा अंशांचा. हे गणित चुकले की गोटी पिसासारखी तरंगते आणि जाणकार लगेच म्हणतो, हा पिनबॉल नव्हे.

नकलेत काय येत नाही तेही सांगतो. खरा खेळाडू यंत्राला हलका धक्का देऊन गोटीची वाट बदलतो. जास्त धक्का दिला तर खेळ बंद पडतो आणि 'टिल्ट' असा शब्द उजळतो. ते यंत्राला कसे कळते? आत गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन कड्याच्या मधोमध लोंबत असते. यंत्र फार हलले की ते कड्याला टेकते, विजेचा मार्ग पुरा होतो आणि फ्लिपर निर्जीव होतात. आपले गवंडी बांधव ज्या ओळंब्याने भिंत सरळ आहे की नाही पाहतात, त्याच युक्तीने यंत्र खेळणाऱ्याची लबाडी पकडते. मोबाइलवर ओळंबा नाही, फक्त त्याचा हिशेब आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला ज्यांनी १९९४ पूर्वी वाफेच्या इंजिनावर चालताना अनुभवली, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. तिची शिट्टी आज मोबाइलवर वाजवता येईल. पण डब्यात बसल्यावर अंगाला लागणारे हेलकावे आणि डोळ्यात जाणारा कोळशाचा कण मोबाइल देत नाही.

आता मूळ मुद्दा. या नकलेत नाण्याची फटही फक्त चित्रात आहे. आम्ही मुलाच्या मोबाइलवर नीट पाहिले. खात्यातून पैसे जात नव्हते, जिंकल्यावर पैसे मिळतील असे कुठे लिहिले नव्हते. गुण मिळत होते, आणि गुणांनी किराणा येत नाही. म्हणजे मुलगा खरे बोलत होता. ताईंनी ते मान्य केले, आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

पण इथे थांबलो असतो तर ते अर्धे सत्य झाले असते. यंत्र बनवणाऱ्याने तो खेळ नाण्यासाठीच बेतला होता. तीन छर्रे आणि काही मिनिटांत खेळ संपला पाहिजे, मागचा गिऱ्हाईक पुढे आला पाहिजे, नवे नाणे पडले पाहिजे. 'अजून एकदा' ही भूक त्या यंत्रात मुद्दाम घातलेली आहे, आणि हुबेहूब नकलेत ती भूकही हुबेहूब येते. खऱ्या यंत्रापुढच्या मुलाच्या खिशातले नाणे संपले की त्याला उठावेच लागे. मोबाइलवर नाणे नाही, म्हणून उठवणाराही कुणी नाही. नाणे हा जसा धोका होता तसा तो लगामही होता. नकलेने धोका काढला, त्याबरोबर लगामही निघून गेला. तो लगाम आता घरानेच घालायचा आहे.

म्हणून आमच्या वाचक माता-पित्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

मुलगा कोणता खेळ खेळतो ते त्याच्या शेजारी बसून एकदा पाहा. दुरून सारे सारखेच दिसते. खेळ पैसे भरायला सांगतो का, आणि जिंकल्यास पैसे देतो म्हणतो का, हे त्यालाच विचारा. उत्तर होय असेल तर तो खेळ नव्हे, धंदा आहे. तो तिथेच काढून टाका.

फुकटच्या खेळात मध्येमध्ये जाहिराती येतात, आणि कधी त्या जाहिरातीच पैशाच्या खेळाच्या असतात. मोबाइलचा डेटा बंद करूनही खेळ चालतो का ते पाहा. चालत असेल तर तसाच खेळू द्या. काही खेळ नवे टेबल उघडण्यासाठी पैसे मागतात. हा जुगार नव्हे, ती खरेदी आहे, पण मुलाने परस्पर करायची नाही. मोबाइलवरून खरेदीला गुप्त आकडा लावून ठेवा आणि तो मुलाला सांगू नका.

वेळ मिनिटांत ठरवू नका, छर्‍यांत ठरवा. "तीन छर्रे झाले की मोबाइल खाली," हे मुलाला कळते आणि त्याला ते न्याय्यही वाटते, कारण हा खेळाचाच नियम आहे.

आणि ज्यांच्या घरात पैसे आधीच गेले आहेत त्यांच्यासाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवायला त्यात मनाई आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्याची जाहिरात करणाराही शिक्षेला पात्र आहे. खेळून बुडालेल्या माणसाला मात्र या कायद्याने गुन्हेगार मानलेले नाही. तेव्हा घरच्यांनीही मानू नये. शरमेने लपवलेले कर्ज व्याजाने वाढते. बोलून दाखवलेले कर्ज फेडता येते. ताईंनी जो प्रश्न आमच्या ओट्यावर केला, तोच अखेर देशाच्या कायद्यालाही विचारावा लागला, याचे आम्हाला कौतुक वाटते.

आपल्याला हे नवे नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी तरुण गृहस्थाला संपत्ती नासण्याच्या ज्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आहे. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, ही त्यातली हानी आम्हाला सर्वांत मोठी वाटते. पैसा पुन्हा मिळवता येतो. पण "पैसे लागत नाई" असे मुलगा खरे सांगत असताना आईचा विश्वास बसला नाही, कारण तेच वाक्य आधी बाप खोटे बोलला होता. बापाच्या शब्दाची गेलेली किंमत मुलाला भरावी लागली. त्या संध्याकाळी ओट्यावर आम्हाला हे दिसले आणि फार लागले.

शेवटी एक घरी करण्याजोगी गोष्ट. दोन फूट लांब, एक फूट रुंद प्लायवूडची पाटी घ्या. कडेने पट्ट्या मारा. वर अर्धगोलात आणि मध्ये हवे तसे खिळे ठोका, दोन-दोन खिळ्यांना रबर लावा म्हणजे गोटी उसळेल. खाली कप्पे करून आकडे लिहा. गोटी उडवायला जुन्या पेनातली स्प्रिंग आणि लाकडी दांडी पुरते. वरच्या टोकाखाली पावणेतीन इंचांचा ठोकळा द्या, म्हणजे खऱ्या यंत्राएवढाच उतार मिळतो. खिळ्यांची टोके मागून बाहेर आली असतील तर वाकवून घ्या. बेरीज करायला धाकट्यांना बसवा, गणित आपोआप पक्के होते.

हे आम्ही मुलाला कागदावर काढून दिले होते. पुढच्या रविवारी त्याच्या वडिलांनी कामावरून उरलेला प्लायवूडचा तुकडा आणला. आमच्याशी ते फार बोलले नाहीत, बाप-लेक ओट्यावर बसून खिळे ठोकत राहिले. पाटी थोडी वाकडी झाली आहे, गोटी डावीकडेच जास्त जाते. संध्याकाळी कामावरून आल्यावर ताईंनी पहिली गोटी उडवली आणि ती थेट भोकात पडली. मुलगा म्हणाला, "अजून दोन हायेत वं आई."

जयभीम!